तान्ह्या बाळांचे प्रबलनाधारित अध्ययन

एखाद्या कृतीपाठोपाठ हवेसे काही घडले की ती कृती वाढत जाते. या प्रक्रियेला मानसशास्त्रात प्रबलन आणि अशा शिकण्याला साधक अभिसंधान म्हणतात. प्रबलक म्हणजे कृती वाढवणारी ही हवीशी गोष्ट; ती दूध किंवा गोड चवच असली पाहिजे असे नाही. अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर यांनी 1980 मध्ये दाखवले की, आईचा आवाज ऐकू यावा म्हणून नवजात अर्भके चोखण्याची लयही बदलतात.

या विषयातील सर्वांत परिचित पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांची आहे. पाळण्यात उताण्या निजलेल्या बाळाच्या घोट्याला रेशमी फीत बांधून तिचे दुसरे टोक वर टांगलेल्या खेळण्याच्या दांडीला जोडतात. बाळ जितक्या जोराने पाय झाडते, तितके खेळणे अधिक हलते. आधी काही मिनिटे फीत खेळण्याला न जोडता बाळ एरवी किती लाथा मारते ते मोजून घेतात. फीत जोडल्यावर दोन-तीन महिन्यांचे बाळ काही मिनिटांतच त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळा पाय झाडू लागते. हा केवळ हलते खेळणे पाहून आलेला हुरूप असेल, ही शंका रास्त होती. परंतु खेळणे बाळाच्या हालचालीशी संबंध न ठेवता परस्पर हलवले, तेव्हा लाथा वाढल्या नाहीत. म्हणजे बाळ स्वतःची कृती आणि तिचा परिणाम यांतील संबंध शिकते. जॉन एस. वॉटसन (वर्तनवादाचे प्रवर्तक जे. बी. वॉटसन ते हे नव्हेत) यांच्या प्रयोगात आठ आठवड्यांची बाळे उशीवर डोके दाबून खेळणे फिरवत, आणि काही दिवसांत त्या खेळण्याकडे पाहून हसू व हुंकारू लागत.

याच पद्धतीने तान्ह्या वयातील स्मृतीही मोजता आली. शिकलेली गोष्ट दोन महिन्यांच्या बाळाला एखाद-दुसरा दिवस, तीन महिन्यांच्या बाळाला सुमारे आठवडाभर आणि सहा महिन्यांच्या बाळाला सुमारे दोन आठवडे आठवते. तीन महिन्यांचे बाळ विसरल्यानंतरही, चाचणीच्या आदल्या दिवशी तेच खेळणे त्याच्यासमोर थोडा वेळ हलते दाखवले, तर स्मृती पुन्हा जागी होते. ती फार नेमकीही असते: सहा महिन्यांच्या बाळांच्या बाबतीत पाळण्याभोवतीचे नक्षीचे कापड नुसते बदलले, तरी ओळखीचे खेळणे पाहून पाय झाडणे वाढत नाही.