तलावपाळीच्या पाण्यातले रुग्ण

आम्ही केलेल्या पहिल्या नकाशात डेंग्यूचे पंधरा-वीस रुग्ण थेट ठाण्याच्या मासुंदा तलावात, म्हणजे आमच्या तलावपाळीला, राहत होते. काठावरसुद्धा नाही, ऐन पाण्यात, जिथे संध्याकाळी बोटी फिरतात तिथे. तेवढ्या जागी लालभडक डाग, आणि ठाण्यातला सगळ्यात मोठा उद्रेक तलावपाळीला आहे असं संगणक छातीठोकपणे सांगत होता.

झालं होतं ते असं. लोकमान्य नगरकडे दवाखाना असलेल्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी एका पावसाळ्यातल्या रुग्णांची यादी दिली होती. नावं काढलेली; वय, तारीख आणि पत्ता एवढंच. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधून देणाऱ्या एका सेवेत मी ती यादी टाकली. इमारतीचं नाव, रस्ता असे सरळ पत्ते नीट बसले. 'चाळ नंबर ३, पिंपळामागे, पाण्याच्या टाकीजवळ, ठाणे (प.)' अशा पत्त्यांपुढे मात्र तिने हात टेकले. पण तसं कबूल न करता तिने त्यातलं फक्त 'ठाणे (प.)' वाचलं आणि शहराच्या मधोमध स्वतःच्या सोयीने ठरवलेला एक बिंदू उत्तर म्हणून देऊन टाकला. तो नेमका तलावात पडला.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे सगळे ज्याला जीआयएस म्हणतात ती, समजावून सांगताना सहसा थरांपासून सुरुवात करतात. एका थरावर रस्ते, दुसऱ्यावर नाले, तिसऱ्यावर घरं, चौथ्यावर रुग्ण. सगळे एकावर एक ठेवायचे आणि आरपार बघायचं. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडातल्या जमिनींची मोजदाद संगणकावर आणली तेव्हा कल्पना हीच होती, आणि आजही मूळ तेच आहे. पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळ थरांवर जात नाही, पत्त्यांवर जातो. श्रीराम भिकाजी वेलणकर (हे संस्कृत कवीही होते) यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तो पत्रं वाटण्यासाठी. एका पिनकोडात टॉवरही येतात, चाळीही येतात आणि येऊरच्या डोंगरापायथ्याचं जंगलही येतं. पोस्टमनला उरलेली वाट तोंडपाठ असते. डास पिनकोड बघून उडत नाही, त्यामुळे आपल्याला ती वाट घरापर्यंत शोधावी लागते.

आमच्यासाठी ती शोधली दोन आशाताईंनी, म्हणजे वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनी. 'पिंपळामागे' म्हटल्यावर 'कुठला पिंपळ, शाळेकडचा का रिक्षा स्टँडकडचा?' असा उलटा प्रश्न विचारणारी सेवा अजून कुठल्या कंपनीने काढलेली नाही. दोघींनी मोबाइलवर जागेवर उभं राहून खुणा केल्या. हळूहळू तलाव रिकामा झाला आणि लाल डाग डोंगराच्या बाजूला सरकला.

या विषयावर लिहायचं तर डॉक्टर जॉन स्नो येतोच. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेच्या वर माणसं गेली. स्नोने मृत्यूंचे ठिपके नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप दोषी ठरवला, एवढं बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला त्यातला वेगळा भाग आवडतो. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला, तोवर साथ उतरणीला लागली होती आणि तो प्रसिद्ध नकाशा तर त्यानंतर काही महिन्यांनी तयार झाला. म्हणजे नकाशातून संशय आला नाही. संशय आधीपासून होता. स्नो दारोदार फिरून 'पाणी कुठून आणता?' असं विचारत होता. नकाशात त्याने आणखी एक रेघ काढली: या पंपापासून आणि दुसऱ्या पंपांपासून चालत जायला सारखंच अंतर पडेल अशा ठिकाणांची. सरळ रेषेतलं अंतर त्याने धरलं नाही, गल्लीबोळांतून बादली घेऊन चालायचं अंतर धरलं. आज रुग्णालय किती जवळ आहे हे काढताना नकाशावर कंपासने गोल मारणारे लोक हे विसरतात. कोपरीहून सरळ रेषेत जवळ दिसणारी जागा खाडीपलीकडे असेल, तर तिथे पोचायला पूल गाठावा लागतो.

डेंग्यूकडे परत येऊ. तो पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास आळशी आहे. तो सहसा जन्मला तिथून शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही, फार तर चारशे. त्याला गटार लागत नाही, साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं: पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, पत्रा उडू नये म्हणून वर टाकलेला जुना टायर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून वाळवायला सांगतात. ही माहिती जीआयएसला फार सोयीची आहे. प्रत्येक रुग्णाभोवती दोनशे मीटरचं वर्तुळ काढा, वर्तुळं जिथे एकमेकांवर चढतात तिथे पिंपं तपासायला माणसं पाठवा. रस्त्यावरून धूर सोडत फिरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

अडचण इतकीच की एडिस दिवसा चावतो. आणि ठाणेकर दिवसा घरी कुठे असतो? सकाळची फास्ट पकडून तो परळला किंवा अंधेरीला गेलेला असतो, नाहीतर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये असतो. आम्ही त्याचा ठिपका घरावर ठेवतो, कारण केसपेपरवर घराचाच पत्ता असतो. डॉक्टरबाईंनी मग एक साधी युक्ती केली. दिवसभर घराच्या आसपासच असणाऱ्यांना, म्हणजे पाच वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं यांना, वेगळा रंग दिला. मोठ्यांचे ठिपके सगळीकडे विखुरलेले होते. या रंगाचे मात्र तीन गल्ल्यांत गोळा झाले. तिन्ही गल्ल्यांत पाणी एक दिवसाआड येत होतं. जिथे नळ रोज येत नाही तिथे दाराशी निळं पिंप असतंच, आणि त्याला झाकण असेलच असं नाही.

आता भागाकाराचं दुखणं. समजा, एका गल्लीत २० घरं आणि ४ रुग्ण आहेत. शेजारच्या टॉवरमध्ये ४०० घरं आणि ८ रुग्ण. नुसते ठिपके मोजले तर टॉवर दुप्पट वाईट. घरांच्या संख्येने भागलं तर गल्ली दहापट वाईट. शिवाय टॉवरचे आठही ठिपके एकाच जागी एकमेकांवर बसतात आणि डोळ्याला एकच दिसतो. तिसऱ्या मजल्यावरचा आणि तिसाव्या मजल्यावरचा माणूस सपाट नकाशात एकाच बिंदूवर येतो. भागायचं तर लोकसंख्या हवी, आणि हाताशी आहे ती २०११च्या जनगणनेची. तेव्हा ठाणे शहर साधारण १८.४ लाखांचं होतं. त्यानंतर घोडबंदर रोडवर कासारवडवलीपर्यंत काय उभं राहिलं, ते बसच्या खिडकीतूनही दिसतं. जुन्या आकड्याने नवे रुग्ण भागले की नव्या वस्तीचा भाग कागदावर उगाच आजारी दिसतो.

सीमारेषांचं तर विचारूच नका. १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड तिकडे गेले. कुपोषणासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत असलेल्या त्या तालुक्यांतलं एकही मूल त्या रात्रीत एक ग्रॅमने वाढलं नाही, पण ठाणे जिल्ह्याची सरासरी मात्र बदलली. वॉर्डाच्या हद्दी बदलल्या की हेच छोट्या प्रमाणात होतं. रंगवलेला नकाशा कुणी पुढे केला की रंग बघण्याआधी या रेघा कुणी आणि कधी आखल्या ते विचारावं, अशी मला खोडच लागली आहे.

खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलं की प्रश्न उंचीचा होतो. १९७०मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि भरतीच्या पाण्याच्या आसपास उंची असलेल्या खाजण जमिनीवर शहर वसवायला घेतलं. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली तर पावसाचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. म्हणून धारण तलाव बांधले: भरती असेपर्यंत पाणी तिथे थांबवायचं, ओहोटी लागली की झडपा उघडून सोडून द्यायचं. कुठल्या गल्लीत पाणी तुंबेल हे काढायला जीआयएसमध्ये जमिनीच्या उंचीचा थर लागतो. जगभर फुकट मिळणारा त्याचा एक प्रसिद्ध थर फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानावरच्या रडारने मोजला. त्याचा एक चौकोन तीस मीटरचा, आणि उंचीत काही मीटरची चूक सहज असते, कारण रडार इमारतीचं छप्पर आणि झाडाचा शेंडाही जमिनीत धरतं. डोंगर मोजायला हे ठीक. पण जिथे सगळा खेळ एक-दीड मीटरचा आहे, तिथे दाट इमारतींचं सेक्टर उंचावर आणि रिकामं मैदान खड्ड्यात दिसतं. त्यापेक्षा मागच्या पावसात पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं, हे दुकानदाराला विचारून खडूने केलेली खूण जास्त भरवशाची.

याच धारण तलावांत थर एकमेकांवर ठेवल्याचा खरा उपयोग मला कळला. उपग्रहाच्या दहा मीटरच्या चित्रांतून खारफुटी सहज ओळखू येते. तो हिरवा थर तलावांच्या आराखड्यावर ठेवला की कितीतरी ठिकाणी दोन्ही एकच होतात. गाळ साचला, त्यावर तिवरं (खारफुटीची झाडं) उगवली. पूर अडवायचा तर गाळ काढायला हवा. तिवरांना तर कायद्याचं संरक्षण आहे, आणि शेजारची ठाणे खाडी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. दोन खाती आपापला नकाशा घेऊन बसतात तोवर दोघांचंही बरोबर असतं.

पुराच्या नकाशाला तारीखही लागते. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. आज ताप आलेल्या माणसाचा ठिपका आजच्या पाण्यावर ठेवून काही कळत नाही. तो आठवडा-दोन आठवड्यांपूर्वीच्या पाण्यावर ठेवावा लागतो. तोवर रस्ते कोरडे झालेले असतात.

उन्हाचे नकाशे हल्ली फार फिरतात, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. लँडसॅट उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो आणि उष्णता शंभर मीटरच्या चौकोनात मोजतो. येऊरची बाजू निळी, वागळे इस्टेटचे पत्रे लाल, हे चित्र खरंच आहे. पण ते पत्र्याचं तापमान आहे, हवेचं नव्हे, आणि पत्र्याखाली रात्री अकरा वाजता पंखा लावून झोपायचा प्रयत्न करणाऱ्या बाईचं तर नव्हेच. त्या खोलीत एक साधा तापमापक टांगून ठेवला तर उपग्रहाला दिसत नाही ते दिसेल.

डेंग्यूचा नकाशा आम्ही कुठे छापला नाही. पाच घरांच्या गल्लीत एक लाल ठिपका म्हणजे नाव छापल्यासारखंच. महापालिकेच्या माणसांना दाखवताना प्रत्येक ठिपका मुद्दाम थोडा इकडेतिकडे सरकवला. गल्ली कळावी, दार कळू नये इतपत. झाकण नसलेली पिंपं मात्र आशाताईंनी आपल्या वहीत दारासकट लिहून घेतली.

तलावात अजून एक ठिपका आहे. त्याच्या पत्त्यापुढे नुसतं 'ठाणे' लिहिलंय, वय एकोणीस. डॉक्टरबाईंनी दोनदा फोन केला, नंबर बंद आहे.