चित्र फिकट दिसतंय: पिक्चर ट्यूब उतरली की ई.एच.टी. बसली?

जुना वीस इंची व्हॉल्व्हचा किंवा हायब्रिड (काही व्हॉल्व्ह, काही ट्रान्झिस्टर असलेला) टीव्ही संच सुरू केला, आवाज आला, पण चित्र मळकट आणि फिकट दिसतंय. अशा वेळी दुकानात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ट्यूब गेली." निम्म्या वेळा ते चूक असतं. दोष पडद्यामागच्या हजारो व्होल्टच्या पुरवठ्यात, म्हणजे ई.एच.टी.त असतो, आणि चांगली ट्यूब भंगारात जाते. तशी ट्यूब पुन्हा मिळत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मराठवाड्यात टॉवर त्यानंतर आले. इकडे सापडणारा व्हॉल्व्हचा संच बहुधा मुंबई-पुण्याहून आलेला असतो, आणि त्याचं सर्किट कुणाकडेच नसतं. या तपासणीला ते फारसं लागतही नाही.

आधी भिंतीतली वीज मोजा. रब्बीत शेतीपंप चालू असताना खेड्यात २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळणं नवीन नाही. या संचांचे हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ट्यूब आतून तापवणाऱ्या तारा, एकाच साखळीत, ३०० मिलिअँपियरवर चालतात. साखळीला १८० व्होल्ट मिळाले तर पिक्चर ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी जेमतेम ५ व्होल्ट पोचतात, आणि नवी ट्यूबही म्हातारी वाटते. स्टॅबिलायझर लावा, नाहीतर पंप बंद असताना पुन्हा पाहा.

दुसरं म्हणजे जिवाचं. बहुतेक संचांची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट वीजवाहिनीला जोडलेली असते, म्हणून ३०० व्हीएचा वन-टू-वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका. संच बंद केल्यावरही ट्यूबच्या काचेत भार उरतो. तो ट्यूबभोवतीच्या वेणीच्या तारेला जोडलेल्या, जाड इन्सुलेशनच्या रोधातून काढा.

आता खरी परीक्षा. हाइटचा प्रीसेट (चित्राची उंची बसवणारं बटण) थोडा कमी करून चित्राच्या वर-खाली बोटभर काळी पट्टी ठेवा. कॉन्ट्रास्ट निम्म्यावर. मग ब्राइटनेस अगदी कमीपासून हळूहळू वाढवत जा आणि नजर चित्रावर नाही, कडांवर ठेवा.

ब्राइटनेसबरोबर चित्र फुगत गेलं, काळ्या पट्ट्या भरून आल्या, फोकस सुटला आणि शेवटी उजेडच गेला, तर ई.एच.टी. बसते आहे. वीस इंची ट्यूबला सुमारे १८ हजार व्होल्ट लागतात. दाब उतरला की इलेक्ट्रॉनांचा वेग कमी होतो आणि तेच डिफ्लेक्शन कॉइल (ट्यूबच्या मानेभोवतीचं, इलेक्ट्रॉन वळवणारं वेटोळं) त्यांना जास्त वाकवतं. दाब दहा टक्के उतरला तर चित्र पाच टक्के वाढतं, म्हणजे रुंदीत सुमारे दोन सेंटिमीटर. इतकं उघड्या डोळ्यांना दिसतं.

कडा जागच्या जागी राहिल्या, पण पांढरा भाग चंदेरी झाला, चेहऱ्याचा उजळ भाग फिल्मच्या निगेटिव्हसारखा उलटा दिसू लागला, आणि संच पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर चित्र सुधारत गेलं, तर ट्यूबच उतरली आहे. कॅथोड थकलाय, मागितले तेवढे इलेक्ट्रॉन तो देत नाही.

कडाही हलत नाहीत, चंदेरीपणाही नाही, नुसता अंधार, असं असेल तर पहिल्या अॅनोडचा दाब पाहा. तो बूस्टमधून, म्हणजे लाइन आउटपुटवर तयार होणाऱ्या वाढीव दाबातून येतो, काही शे व्होल्ट असायला हवा. १० मेगओहमचा डिजिटल मीटर लावा, त्याची मर्यादा हजार व्होल्टची असू द्या. दाब कमी आला तर वाटेतला रोध वाढलेला असतो किंवा त्याचा कपॅसिटर गळत असतो. दहा रुपयांच्या भागापायी ट्यूब बदलू नका.

ई.एच.टी.चं कारण शोधताना रुंदीकडे पाहा. मंद ब्राइटनेसला रुंदी पुरेशी आणि वाढवताना फुगते, तर ई.एच.टी.चा डीवाय ८७ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह थकलाय. मंद असतानाही दोन्ही बाजू आत आलेल्या असतील, तर पीएल ५०४ (लाइन आउटपुट व्हॉल्व्ह), त्याच्या स्क्रीन ग्रिडचा रोध, पीवाय ८८ (बूस्टचा डायोड व्हॉल्व्ह) किंवा बूस्ट कपॅसिटर तपासा. तो कपॅसिटर जुना कागदी असेल तर न मोजता बदला: तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, पॉलिप्रॉपिलीन, किमान हजार व्होल्टचा. हे सगळं बदलूनही पीएल ५०४ ची प्लेट लाल होत असेल, तर एल.ओ.टी.चे (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे) वेढे आतून चिकटले असण्याची शक्यता मोठी. तत्काळ बंद करा. पहिल्या पावसात अॅनोडच्या टोपीभोवती (ई.एच.टी.ची तार ट्यूबला लागते तिथे) सिसकारा आणि ओझोनचा उग्र वास येतो, ती मात्र नुसती धूळ. काळ्या मातीचा थर ओल धरतो आणि दाब काचेवरून वाहून जातो. स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या.

डीवाय ८७ च्या १.४ व्होल्टच्या हीटरला मीटर लावू नका. तो हजारो व्होल्टवर तरंगत असतो. ई.एच.टी. मोजायला प्रोबच हवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी ओढून लांबी पाहण्याची पद्धत हायब्रिड संचात ट्रान्झिस्टर उडवते, हे अजूनही अनेकांना पटत नाही.

ट्यूबच उतरली असेल तर हीटर थोडा जास्त तापवून काही वर्षं काढता येतात. ट्यूबचा हीटर साखळीतून सोडवा. रिकाम्या जागी २२ ओहम, ५ वॅटचा रोध टाका, ६.३ भागिले ०.३ म्हणजे २१ ओहम आणि तिथे जळतात जेमतेम दोन वॅट, म्हणून हा पुरतो. ट्यूबला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर द्या, त्याची दुय्यम गुंडाळी कुठेही अर्थिंगला न जोडता. सुरुवात ७ व्होल्टने. आठवडाभरात फरक नाही पडला तर ७.५. त्यापुढे गेलात तर चित्र झळाळतं खरं, पण कॅथोडचा उरलेला लेप लवकर संपतो. जास्त दाबाचे झटके देऊन ट्यूब जिवंत करण्याचं यंत्र अगदी शेवटी वापरा: एक तर ती सुधारते, नाहीतर त्याच मिनिटाला संपते.

एका संचात दोन्ही दोष सापडणंही नवलाचं नाही. तेव्हा आधी ई.एच.टी. नीट करा आणि कडांची तीच परीक्षा पुन्हा घ्या. दाब पक्का नसताना ट्यूबबद्दल काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरू नका.