शाळेतली हजेरी (लहान मुलांची)

हजेरी म्हणजे पटावर नाव असलेलं पोरगं त्या दिवशी खरंच वर्गात येऊन बसलंय का, याची रोजची नोंद. पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ तिथंच होतो, कारण जूनमध्ये नाव घालणं सोपं असतं, ढोल-लेझीम लावून, गुलाबाचं फूल देऊन प्रवेशोत्सव पण होतो, पण भात लावणीला किंवा दिवाळीनंतर तेच पोरगं येतं का ते बघणं अवघड. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस धरलेत, म्हणजे महिन्याला दोन-दोन खाडे केले तरी वर्षात जवळजवळ वीस दिवस गेले, आणि पहिलीत वीस दिवस म्हणजे किती अक्षरं हुकली याचा हिशेब पालकांना एकदा समोर बसवून सांगितला की बऱ्याच जणांना पटतो.

महाराष्ट्रात यासाठी दंडही करून झालाय आणि पैसेही देऊन झालेत. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पुढं १९९२ पासून राज्य सरकारनं उलटी बाजू धरली, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता. पण १९१७ चा रुपया आणि १९९२ चा रुपया यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि हा भत्ता नंतर बरीच वर्षं एक रुपयाच राहिला, हे मला आजही बरोबर वाटत नाही.

त्यापेक्षा जेवणानं जास्त काम केलं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची पोषण आहार योजना आली तेव्हा ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो धान्य घरी मिळायचं. ते तांदूळ सगळ्या घराचे व्हायचे. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि मग शाळेतच खिचडी शिजायला लागली, पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. फोडणीचा वास वर्गात आला की मागच्या रांगेतली पोरं ताटली काढून मांडीवर घेऊन बसतात, बाई फळ्यावर लिहीत असल्या तरी.

पण या विषयात सगळ्यात खोल काम झालं ते डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. आधी आंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं, मग गाणी-गोष्टी. पुढं कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरं गुरांमागं जायची म्हणून कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हणतात. पोरीच्या कडेवरचं बाळ पाळण्यात गेलं की पोरगी वर्गात बसायला मोकळी. गैरहजर पोराच्या घरी जाऊन "का आला नाहीस" असं दरडावण्यापेक्षा त्याला कशानं अडवलंय ते बघणं, ही रीत मला तरी सगळ्यात भरवशाची वाटते.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मात्र जपून द्यावं. तापानं फणफणलेलं पोरगं बक्षीस जाईल म्हणून रडत शाळेत येतं आणि चार दिवसांत अर्धा वर्ग आजारी पडतो. मागच्या महिन्यापेक्षा कुणाचे खाडे कमी झाले ते वर्गात नाव घेऊन सांगितलं तरी लहान पोरं खूश होतात.

ऊसतोडीचा प्रश्न वेगळाच. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास कोयता निघाला, म्हणजे नवरा-बायकोची जोडी तोडीला गेली, की पोरंही ट्रॅक्टरमधून जातात आणि चार-पाच महिने बाहेर. त्यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या आणि गावात हंगामी वसतिगृहं, म्हणजे पोरगं राहतं आजीजवळच, पण दोन वेळचं जेवण तिथं मिळतं आणि शाळा तीच राहते. आजी धडधाकट आहे का, रात्री पोराजवळ कोण झोपणार, हे गाडी निघायच्या आधी गुरुजी घरी जाऊन विचारतात तिथं पोरं मागं राहतात, कारण एकदा बोचकं गाडीत चढलं की मार्चपर्यंत ते नाव पटावर नुसतंच.