शेरडं काहीही खात नाहीत

शेळी दिसेल ते खाते, असं आपण खुशाल म्हणतो. बीड-धाराशिवकडच्या माळावर शेरडांच्या मागं तासभर हिंडलं तरी हे खोटं ठरतं. बोराटीपाशी ती थांबतात, चार-दोन शेंडे ओढतात, की लगेच हिवराकडं वळतात, मग हेकळ, मग पुन्हा बोराटी. तरवड पिवळाधमक फुललेला असला तरी त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. घाणेरीचीही तीच गत. ही खोड नाही, हिशेब आहे.

मुरमाड माळावरचं गवत संक्रांतीनंतर वाळत जातं आणि त्यातली प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. बोराटीच्या पाल्यात ती बारा टक्क्यांच्या आसपास असतात. झुडपाची मुळं खडकाच्या भेगांतून खोल गेलेली असतात, त्यामुळं गवत संपलं तरी पाला टिकून राहतो. उस्मानाबादी शेळी याच टापूत जात म्हणून घडली. तिचा उन्हाळा निघतो तो अशा पाल्यावर आणि राखणाऱ्यानं आकडीनं वाकवलेल्या बाभळीच्या फांदीवर.

झुडूप मात्र हे सगळं सुखासुखी देत नाही. बोराटीची डहाळी जवळून बघा: पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते, एक काटा सरळ आणि एक मागं वळलेला. बाही अडकली आणि हात मागं ओढला, की वळलेला काटा आणखी रुततो. शेळीचे हलते ओठ आणि जीभ यातूनही पान बरोबर काढतात, पण घास लहान होतो. काट्यांचं काम तेवढंच, खाणाऱ्याला सावकाश खायला लावायचं.

खरा बंदोबस्त पानाच्या आत आहे. त्याचं नाव टॅनिन. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात ते याच रसायनाच्या जोरावर. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिच्यात जिथं प्रोलीन हे अमिनो आम्ल वारंवार येतं, तिथं साखळीला नेहमीसारखी गुंडाळी घेता येत नाही, ती उघडी राहते. टॅनिनच्या रेणूतली चपटी कडी या प्रोलीनच्या कड्यांवर टेकतात, भोवतीचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) हायड्रोजन बंध, म्हणजे हलकी रासायनिक पकड, जुळवतात, आणि एकच टॅनिन दोन-तीन साखळ्यांना एकत्र धरून ठेवतं. कातड्यातलं कोलॅजेन हे प्रथिन प्रोलीननं भरलेलं असतं, म्हणून ते असं बांधलं गेलं की कुजत नाही. कच्चं बोर चावल्यावर तोंड आवळतं तेव्हा आपल्या लाळेतल्या प्रोलीनवाल्या प्रथिनांच्या गुठळ्या होत असतात. पाला खाणाऱ्या काही हरणांच्या लाळेतही अशी प्रथिनं सापडतात. ती आधीच टॅनिनला अडकवतात आणि पोटातल्या पाचक रसांना मोकळं ठेवतात. गाय आणि मेंढी गवतावरची, त्यांच्याकडं ही सोय नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा, म्हणजे रूमेन, जवळपास उदासीन असतो. सामू, म्हणजे आम्लपणा मोजायचं माप (pH), सहा ते सातच्या दरम्यान. तिथं टॅनिन आणि प्रथिन एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळं जंतूंना ते प्रथिन फोडून त्याचा अमोनिया करता येत नाही. चौथ्या कप्प्यात आम्ल असतं, सामू अडीच-तीनपर्यंत उतरतो. तिथं ही मिठी सुटते आणि प्रथिन थेट जनावराच्या वाट्याला येतं. म्हणजे थोडं टॅनिन फायद्याचं. जास्त झालं तर मिठी सुटत नाही, पचन मंदावतं आणि प्रथिन लेंड्यांतून बाहेर जातं. शेळीच्या रूमेनमध्ये टॅनिन सोसणारे जंतूही असतात. ऑस्ट्रेलियात मुल्गा नावाच्या बाभळीवर जगणाऱ्या रानटी शेळ्यांत असा एक जंतू सापडला आणि 1994 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तरी जंतूंच्या सोसण्याला मर्यादा आहेच. दहा झुडपांवर फिरून एकेकाचा थोडा थोडा पाला घेणं हा शेळीचा त्यावरचा उपाय. खुंट्याला बांधून तिला रोज नुसता बाभळीचाच पाला टाकणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं.

मोबाइलवर 'झाडं एकमेकांना निरोप देऊन जनावरं मारतात' अशी एक चित्रफीत फिरतेय. तिचा उगम दक्षिण आफ्रिकेतला आहे. तिथं 1980 च्या दशकात, दुष्काळात, कुंपणात कोंडलेली कुडू हरणं मोठ्या संख्येनं मेली. वाउटर व्हॅन होव्हन या शास्त्रज्ञानं दोष बाभळीच्या पाल्यातल्या वाढलेल्या टॅनिनला दिला. ओरबाडल्यावर पानातलं टॅनिन वाढू शकतं, इतपत ठीक. पण एथिलीन वायूनं शेजारच्या झाडाला खबर जाते, हे मोकळ्या रानात पक्कं झालेलं नाही. हरणांना दुसरं झुडूप गाठता आलं नाही, ही साधी गोष्ट चित्रफितीत येतच नाही. आपल्याकडं तरी काय वेगळं? पाणी न मिळालेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर तडफडलं की नजर लागली म्हणतात आणि लिंबू-मिरची बांधतात. त्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. बांधायचंच असेल तर जनावर ज्वारीपासून लांब बांधावं.

शेरडं झुडपांचं नुसतं खात नाहीत, त्यांचं बी पेरतातही. बोराच्या आठळ्या रवंथ करताना थुंकतात, त्या वाड्यात आणि वाटेवर पडतात. बाभळीचं टणक बी लेंड्यांतून दूर जातं. हीच सोय वेडी बाभूळही वापरते. ती मूळची अमेरिका खंडातली. तिचा हिरवा पाला शेरडं फारशी खात नाहीत, गोड शेंगा मात्र मिटक्या मारत खातात. म्हणजे ओरबाडा देशी बोराटीला आणि पेरणी परक्या झुडपाची! गायरानं आणि ओढ्याकाठ तिनं भरत चालले ते असे. शेंगा वाळवून, बियांसकट दळून खाऊ घातल्या तर चाऱ्याचा चारा होतो आणि त्यातलं बी पुढं उगवत नाही.