कॉलेजची वाट: जुन्या काबिजादीतून नव्या काबिजादीत

बारावीचा निकाल लागला की गोव्यात टक्क्यांची आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागांची चर्चा सुरू होते. काणकोण, सत्तरी, सांग्यातल्या घरांत मात्र त्याआधीच वेगळा हिशेब चालू असतो. कॉलेज किती लांब, सकाळची पहिली बस कितीची, मुलगी दिवेलागणीआधी घरी पोचेल का? या हिशेबाला मोठा इतिहास आहे.

पोर्तुगीज अंमल संपेपर्यंत गोव्यात कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेचं एकही पदवी कॉलेज नव्हतं. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, १८५४ पासून लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा होती. पण तिथं शिकायचं ते पोर्तुगीजमधून. गावातल्या मराठी शाळेत धुळाक्षरं गिरवलेल्या मुलाला ती दारं जवळजवळ बंदच. पदवी हवी असेल तर घाट चढून बेळगाव, धारवाड गाठायचं, नाहीतर कोल्हापूर, पुणे, मुंबई. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर भारताची सीमा बंद झाली आणि ही वाटही परवान्यांत अडकली. तिकडे कुणी नातेवाईक होतं किंवा खोलीचं भाडं परवडत होतं, अशांचीच मुलं पुढे गेली.

मुक्तीनंतर सहा महिन्यांतच, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झालं. दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पाठोपाठ म्हापशात सेंट झेवियर्स आणि १९६४ मध्ये नुव्याला मुलींचं कार्मेल. ही मोठीच झेप होती. पण नकाशा समोर ठेवला की दिसतं, चारही कॉलेजं तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, जुन्या काबिजादीत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण ही सगळी नंतर जिंकलेली नवी काबिजाद मागेच राहिली.

त्याच काळात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. कुळांची, मुंडकारांची (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) पोरं पहिल्यांदाच बाकावर बसली. १९६४ साली पहिलीत गेलेलं मूल १९७५ च्या सुमारास शालान्त परीक्षेला बसणार. गोव्याचं स्वतःचं शिक्षण मंडळही १९७५ चंच. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी, घरात आधी कुणीही कॉलेज न पाहिलेली एक अख्खी पिढी रस्त्यावर बसची वाट पाहत उभी होती. आणि बस खाजगी, भाडं रोजचं.

१९७८-७९ चं विद्यार्थ्यांचं अर्ध्या तिकिटाचं आंदोलन याच पार्श्वभूमीवर पाहायला हवं. त्याच्या आठवणी मोर्चे आणि लाठीमाराच्या अंगानंच सांगितल्या जातात. माझ्या मते ते गोव्यातलं शिक्षणहक्काचं सगळ्यात महत्त्वाचं आंदोलन होतं. कॉलेजात जागा असणं आणि त्या जागेपर्यंत पोचता येणं यातला फरक त्या मुलांनी नेमका ओळखला होता. सवलत मिळाली आणि १९८० मध्ये सरकारी कदंब वाहतूक महामंडळ उभं राहिलं.

गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं. पुढे साखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथं सरकारी कॉलेजं आली, काणकोणात मल्लिकार्जुन आलं. गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला मात्र २००३ उजाडलं. तोपर्यंत त्यांच्या किती पिढ्या राखीव जागेविना गेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

अंतर कमी झालं तसा अडसर एक पायरी खाली सरकला आहे, अकरावीवर. जवळच्या हायर सेकंडरीत सायन्स नसेल तर मुलगी आर्ट्स घेते, किंवा पहाटेची बस धरते. आणि सायन्स मिळालं तरी गणित सोडलं की इंजिनिअरिंगचा रस्ता तिथंच मिटतो. हा निर्णय सोळाव्या वर्षी होतो, तोही अनेकदा कुणी नीट समजावून न सांगता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून इथल्या कॉलेजांत चार वर्षांची पदवी आली, मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचे विषय घेण्याची मुभा आली. पण कागदावरचा विषय शिकवायला माणूस लागतो. मोठ्या शहरी कॉलेजात वीस विषयांतून निवडता येतं, लहान कॉलेजात शिक्षक असतील तेवढेच विषय. त्यामुळे केप्याची किंवा पेडण्याची मुलगी, हवा तो विषय घ्यायचा म्हणून, पुन्हा मडगावची नाहीतर पणजीची बस पाहते.