सिरीयल थर्मल प्रिंटर मॉड्यूलची चाचणी

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणारे लोक आर्डुइनो, रास्पबेरी पाय किंवा प्रोग्रॅम करता येणाऱ्या तत्सम छोट्या बोर्डाला जो छोटा पावती-प्रिंटर सिरीयल तारेने, म्हणजे बिट एकामागून एक पाठवणाऱ्या तारेने, जोडतात, तो नीट चालतो का, हे टप्प्याटप्प्याने तपासण्याची पद्धत. हा प्रिंटर म्हणजे दुकानातल्या बिलाच्या यंत्राचाच गाभा असतो. एसटीच्या वाहकाकडच्या तिकीट यंत्रातही याच जातीचा प्रिंटर बसवलेला असतो. शाई किंवा रिबन लागत नाही. कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि प्रिंटरच्या मुखात ओळीने बसवलेले सूक्ष्म तापक ठिपके तो हवा तिथे तापवतात. हे तंत्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी १९६० च्या दशकात आकाराला आणले. त्या कंपनीचे ‘सायलेंट ७००’ हे टर्मिनल १९७१ मध्ये आले, आणि त्याच्या नावातच या छपाईचा मोठा गुण आहे: आवाज फारसा नाही.

हौशी प्रकल्पांत सर्वाधिक दिसणारे मॉड्यूल ५८ मिलिमीटर रुंदीच्या कागदाचे असते. छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे एका आडव्या रेषेत ३८४ ठिपके. नेहमीचे अक्षर १२ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच असते, त्यामुळे एका ओळीत ३२ अक्षरे मावतात. आज्ञा बहुतांशी एप्सनच्या पावती-प्रिंटरांच्या आज्ञावलीतून आलेल्या असतात. ही मॉड्यूल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास किंवा ऑनलाइन मिळतात. सोबत माहितीपत्रक मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी ते त्याच मॉड्यूलचे असेल असेही नाही. म्हणूनच चाचणीला महत्त्व.

सुरुवात कागदापासून करावी. थर्मल कागदाची एकच बाजू छापते. नखाने जोरात ओरखडा काढला की लेपाच्या बाजूवर काळी रेघ उमटते. ती बाजू मुखाकडे यायला हवी. रोल उलटा बसला की मोटर फिरते, कागद सरकतो आणि कोरा बाहेर येतो. प्रिंटर ‘मेला’ म्हणून परत पाठवलेल्या मॉड्यूलांत अशीही असणार. बसवलेला कागद झाकण बंद असताना ओढू नये, आतले दातेरी चाक प्लॅस्टिकचे असते.

त्यानंतर वीजपुरवठा. खरे दुखणे बहुतेक वेळा इथेच असते. ही मॉड्यूल साधारण ५ ते ९ व्होल्टवर चालतात आणि छापताना दीड ते दोन ॲम्पिअर प्रवाह घेतात. स्वस्थ बसलेला प्रिंटर फारच थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे दिवा लागला म्हणजे पुरवठा ठीक आहे, हा समज फसवा आहे. मूळ कारण मुखात आहे. एका ठिपक्याचा रोध १७५ ओहमच्या आसपास धरला, तर ५ व्होल्टला एक ठिपका सुमारे २९ मिलिॲम्पिअर घेतो, आणि ६४ ठिपके एकदम तापले की आकडा १.८ ॲम्पिअरवर जातो. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवरून प्रिंटर चालवण्याचा प्रयत्न इथे संपतो. स्वतंत्र ॲडॅप्टर घ्यावा, तारा जाड आणि आखूड ठेवाव्यात, ब्रेडबोर्डवरच्या बारीक जंपर तारांतून हा प्रवाह नेऊ नये, आणि बोर्डाचा व प्रिंटरचा ग्राउंड एकत्र जोडावा. छपाई चालू असताना मल्टिमीटर थेट प्रिंटरच्या टर्मिनलवर लावून पाहावा. ॲडॅप्टरच्या टोकाला ५ आणि प्रिंटरपाशी साडेचार दिसले, तर दोष तारांचा.

पुरवठा पक्का झाला की स्वयंचाचणी. बहुतेक मॉड्यूलवर कागद सरकवण्याचे बटण दाबून ठेवून वीज चालू केली की प्रिंटर स्वतःहून एक चिठ्ठी छापतो. तिच्यावर फर्मवेअरची (प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती, जोडणीचा प्रकार, बॉड रेट (दर सेकंदाला किती बिट जातात तो वेग) आणि अक्षरसंच असतो. ही चिठ्ठी म्हणजे चाचणीतली सीमारेषा. ती स्वच्छ छापली गेली, तर मुख, मोटर, कागद आणि वीज यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटतो. पुढचा बिघाड तारेत, वेगात किंवा प्रोग्रॅममध्ये शोधावा. चिठ्ठी निघाल्याशिवाय बोर्ड जोडूच नये. नाहीतर दोन अनोळखी यंत्रांची भांडणे एकदम सोडवावी लागतात.

जोडणीचा प्रकार मात्र चिठ्ठीवर विसंबून ठरवू नये. काही मॉड्यूल टीटीएल पातळीवर (० ते ३.३ किंवा ५ व्होल्ट) बोलतात, काही आरएस-२३२ वर (जुन्या संगणकांच्या सिरीयल पोर्टची पद्धत, तिच्यात उणे व्होल्टेजही असते), आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. प्रिंटर चालू करून त्याच्या पाठवणाऱ्या पिनवर मल्टिमीटर लावावा. काहीच पाठवले जात नसताना टीटीएलवर ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसतील, आरएस-२३२ वर उणे व्होल्टेज दिसेल. उणे आकडा दिसला तर ती पिन थेट बोर्डाला लावणे म्हणजे बोर्ड गमावणे. ५ व्होल्ट आले तरी रास्पबेरी पायसारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डाला मध्ये दोन रोधकांचा विभाजक लागतो. नुसते छापायचेच असेल, तर ही तार न जोडताही चालते.

संवादाची पहिली परीक्षा संगणकावरून, यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावून घ्यावी. कन्व्हर्टरच्या पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या पिना आपसांत जोडून टाइप केलेले परत येते का, ते आधी पाहावे. मग प्रिंटरला २७ आणि ६४ हे दोन बाइट पाठवले की तो मूळ स्थितीत येतो. त्यानंतर एक साधी ओळ आणि शेवटी ओळ बदलण्याचा बाइट. बॉड रेट सहसा ९६०० किंवा १९२०० असतो. तीच ओळ पुन्हा पाठवल्यावर तोच कचरा छापला जात असेल, तर बहुधा वेग चुकला आहे. कचरा दर खेपेला बदलत असेल, किंवा गडद भागापाशी छपाई तुटून प्रिंटर नव्याने सुरू होत असेल, तर पुन्हा विजेकडे वळावे.

अक्षरे फिकट येत असल्यास तापमानाच्या मांडणीला हात घालावा. २७ आणि ५५ या बाइटांनंतर तीन आकडे जातात: एकदम किती ठिपके तापवायचे, किती वेळ, आणि मध्ये किती थांबायचे. माहितीपत्रकांत नेहमी दिसणारे मूळ आकडे ७, ८० आणि २ आहेत. म्हणजे ६४ ठिपके, ८०० मायक्रोसेकंद, २० मायक्रोसेकंद. हौशी इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणाऱ्या ॲडाफ्रूट कंपनीच्या आर्डुइनो लायब्ररीत ११, १२० आणि ४० दिले आहेत. त्यात ९६ ठिपके एकदम तापतात, तेव्हा कमजोर ॲडॅप्टरवर तिथेच गाडी अडते. अशा वेळी पहिला आकडा कमी करावा: छपाई मंदावते, पण प्रवाह उतरतो. वेळ वाढवली की काळेपणा वाढतो. फार वाढवली तर कागद चिकटून थबकतो.

मुखाची तपासणी करायला पूर्ण काळा पट्टा छापावा. त्यात सरळ उभी पांढरी रेघ कायम एकाच जागी आली, तर त्या जागेवर धूळ आहे किंवा ठिपका जळाला आहे. मुख थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसून पुन्हा छापावे. रेघ तशीच राहिली, तर ठिपका गेला. चित्र छापताना सिरीयल तारच आड येते. एका रेषेला ४८ बाइट, बाइटमागे १० बिट, म्हणजे ९६०० च्या वेगाने एका रेषेला ५० मिलिसेकंद. ३० मिलिमीटर उंचीचे चित्र २४० रेषांचे, त्याला १२ सेकंद लागणारच. घाई करून वेग वाढवला आणि प्रिंटरचा बफर (आलेले बाइट तात्पुरते साठवणारी जागा) भरला की बाइट गळतात, चित्र तिरपे सरकते आणि उरलेले चित्र अक्षरे समजून छापले जाते.

मराठी छापायचे असेल तर ही चित्राची चाचणी टाळता येत नाही. बऱ्याच मॉड्यूलमध्ये चिनी अक्षरसंच असतो, देवनागरी नसते. युनिकोड मजकूर तसाच पाठवला तर चिनी अक्षरे किंवा निरर्थक खुणा उमटतात. मजकूर बोर्डावर किंवा संगणकावर चित्र म्हणून तयार करावा लागतो, आणि तिथेही चित्रे तयार करणाऱ्या पायथनच्या पिलो लायब्ररीची साधी मांडणी ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न टाकता नंतर टाकते. त्यासाठी पिलोतच निवडता येणारी, जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट लावणारी ‘राक्म’ (Raqm) ही मांडणी लागते. ‘कार्तिकी’ हा शब्द यासाठी सोयीचा आहे: रफार, ह्रस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी एकाच ठिकाणी तपासून होतात. शिवाय शिरोरेषेच्या ओळीत जवळजवळ सगळे ठिपके तापतात. रोमन मजकूर सुखाने छापणारा ॲडॅप्टर देवनागरीच्या पहिल्याच ओळीला मान टाकू शकतो, म्हणून पुरवठ्याची परीक्षा मराठी परिच्छेदावरच घ्यावी.

स्वयंचाचणीची चिठ्ठी जपून ठेवायची असेल तर तिचा फोटो काढावा. थर्मल छपाई उन्हाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात फिकी पडते. बॉड रेट आणि तापमानाचे आकडे मॉड्यूलच्या पाठीवर पट्टी चिकटवून पेनाने लिहिलेले बरे.