चित्र उलगडणार कोण? मीडिया प्लेअर बॉक्सच्या हार्डवेअरची पार्श्वभूमी

टीव्हीशेजारी ठेवायचा मीडिया प्लेअर बॉक्स निवडताना रॅम किती आणि प्रोसेसर किती वेगाचा, हेच बहुतेकांना आधी पाहावंसं वाटतं. संगणक घेताना ते रास्त आहे. इथे मात्र त्याआधी पाहायची गोष्ट दुसरी आहे. दाबून लहान केलेलं चित्र उलगडायचं काम सर्वसाधारण प्रोसेसरवर पडणार, की त्याच कामापुरतं घडवलेलं एखादं सर्किट चिपमध्ये आहे? या एका प्रश्नाने गेल्या पाव शतकात कितीतरी चांगले बॉक्स माळ्यावर धाडले आहेत.

१९९६च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी प्लेअर विक्रीला आले. पाठोपाठ संगणकातही डीव्हीडी ड्राइव्ह बसू लागले, पण तेव्हाच्या प्रोसेसरांना एमपेग-२चं, म्हणजे डीव्हीडीवरचं चित्र दाबायच्या पद्धतीतलं, चित्र सलग दाखवताना धाप लागायची. म्हणून ते उलगडणारं वेगळं कार्ड संगणकात बसवावं लागे. सिग्मा डिझाइन्सचं ‘हॉलिवूड प्लस’ हे त्यांतलं गाजलेलं. थोड्याच वर्षांत प्रोसेसर वेगवान झाले आणि ही कार्डं निरुपयोगी ठरली. सिग्माचं नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

दिवाणखान्यातला खरा पहिला लाडका बॉक्स मुळात मीडिया प्लेअर नव्हताच. नोव्हेंबर २००१मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला. ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, आत हार्ड डिस्क, मागे नेटवर्कचं पोर्ट आणि टीव्हीला जोडायची तयारी. खेळासाठी बनवलेल्या या यंत्राचं कुलूप हौशी मंडळींनी फोडलं आणि त्यावर स्वतःचा प्लेअर चढवला. २००४मध्ये ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ची १.० आवृत्ती आली. डिव्हएक्स आणि एक्सव्हिड या पद्धतींनी दाबलेल्या चित्रपटांच्या फायली तो प्रोसेसर सहज चालवत असे. २०१४पासून ज्याला आपण कोडी म्हणतो, तो हाच प्रोग्रॅम.

दुसरीकडे अख्खा संगणकच टीव्हीखाली नेऊन ठेवण्याची टूम होती. २००२मध्ये लिनक्सवर मिथटीव्ही हा टीव्ही पाहण्या-नोंदवण्याचा प्रोग्रॅम सुरू झाला आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. इथे अडचण ताकदीची नव्हती, आवाजाची होती. चित्रपटातल्या शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली की सगळी मजा जाते. व्हिया या चिप कंपनीने २००१मध्ये आणलेला १७ सेंटिमीटर चौरस मदरबोर्ड, म्हणजे मिनी-आयटीएक्स, या मंडळींनी डोक्यावर घेतला तो त्यामुळेच. त्यांतल्या काही बोर्डांना पंखाच लागत नसे.

मग हे सगळं एका कागदाने उलटवलं. मे २००३मध्ये एच.२६४ हे चित्र दाबायचं नवं मानक मंजूर झालं. त्याच दर्जाचं चित्र एमपेग-२च्या निम्म्या जागेत मावू लागलं, पण ते उलगडायचं गणित कित्येक पटींनी जड झालं. एचडी फायली पसरू लागल्या तसा एक्सबॉक्स थकला आणि बिनपंख्याचे बोर्ड तर पार झोपले. २००७च्या पहिल्या ॲपल टीव्हीत १ गिगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर होता, तोही ७२०पी, म्हणजे ७२० ओळींच्या चित्रापुरताच. १०८०पीच्या, म्हणजे १०८० ओळींच्या पूर्ण एचडीच्या हट्टाने काही जणांनी त्याचं वाय-फाय कार्ड उपटून तिथे ब्रॉडकॉमचं ‘क्रिस्टल एचडी’ हे उलगडणारं कार्ड खोचलं. हा उद्योग मला अजूनही या इतिहासातला सर्वांत गोड वेडेपणा वाटतो.

उत्तर दोन वाटांनी आलं. पहिली वाट सिग्माची. २००८मध्ये आलेल्या पॉपकॉर्न अवर आणि वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी टीव्ही या छोट्या बॉक्समध्ये सिग्माच्याच चिप होत्या. त्यांचा प्रोसेसर मामुली होता, पण १०८०पी चित्र ते लोण्यासारखं चालवत. दुसरी वाट ग्राफिक्स चिपची. इंटेलचा ॲटम प्रोसेसर एकट्याने १०८०पी पेलू शकत नव्हता. २००९मध्ये एनव्हिडियाने त्याला आयन चिपसेटची जोड दिली आणि भार ग्राफिक्सकडे गेला. २०१२चा रास्पबेरी पाय याच विचाराचं टोक म्हणावं लागेल. ७०० मेगाहर्ट्‌झचा अगदीच साधा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, तरी १०८०पी एच.२६४ बिनधास्त, कारण ते सर्किट चिपमध्ये होतं. गंमत अशी की एमपेग-२चं सर्किटही आत होतं, पण ते चालू करायला परवान्याची चावी वेगळी विकत घ्यावी लागे. हार्डवेअर असणं आणि ते वापरायची मुभा असणं या दोन गोष्टी आहेत, हे अनेकांना तिथे पहिल्यांदा कळलं.

ताकद पुरेशी झाली तरी चित्र नितळ दिसेलच असं नाही. चित्रपटांची डिजिटल आवृत्ती बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेमची असते. २०११च्या इंटेल सँडी ब्रिज प्रोसेसरमधलं ग्राफिक्स टीव्हीला बरोबर २४ फ्रेम पाठवायचं. फरक नगण्य वाटतो, पण दर चाळीसेक सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागे आणि कॅमेरा संथ सरकत असताना तो हलका हिसका डोळ्याला खुपे. बाकी सगळ्या बाबतींत हे प्रोसेसर उत्तम होते, तरी एवढ्या एका कारणासाठी जाणकार त्यांना हात लावत नसत. २०१३च्या हॅसवेल पिढीत ही खोड गेली.

त्याच वर्षी एच.२६५ आणि व्हीपी९ या चित्र दाबायच्या आणखी नव्या पद्धती आल्या आणि जुना खेळ नव्याने मांडला गेला. इंटेलच्या २०१५च्या स्कायलेकमध्ये ८ बिट एच.२६५चं सर्किट होतं. एचडीआरला, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणाऱ्या चित्राला लागणाऱ्या १० बिटसाठी पुढच्या केबी लेकची वाट पाहावी लागली. २०१८मध्ये एव्ही१ ही तशीच, पण विनारॉयल्टीची पद्धत जाहीर झाली. ती उलगडणारं ग्राफिक्स इंटेलने २०२०च्या टायगर लेकमध्ये दिलं. सुट्या बॉक्समध्ये एनव्हिडियाच्या २०१५च्या शील्डने फार वर्षं राज्य केलं, पण त्याच्याही चिपमध्ये एव्ही१चं सर्किट नाही.

दरम्यान स्ट्रीमिंगने एक वेगळीच अट आणली होती. अँड्रॉइडवर वाइडव्हाइन या संरक्षण प्रणालीच्या पायऱ्या आहेत. बॉक्सला एल१ हे प्रमाणपत्र नसेल तर चिप ४के उलगडायला समर्थ असूनही बड्या स्ट्रीमिंग सेवा त्याला हलक्या दर्जाचंच चित्र देतात. टीव्हीच्या बाजूने एचडीसीपी २.२ या नक्कलविरोधी संरक्षणाची अट असते ती आणखी निराळी. स्वतःच्या फायली पाहणाऱ्याला यातलं काहीच आडवं येत नाही. म्हणून आधी विचारावं ते हेच, की बॉक्सवर चालणार आहे काय.

आणि रास्पबेरी पाय? २०१९च्या पाय ४मध्ये एच.२६४ आणि ४के एच.२६५ दोन्हींची सर्किटं होती. २०२३च्या पाय ५मधून एच.२६४चं सर्किट काढून टाकलं. आता प्रोसेसरच इतका वेगवान आहे, की एकेकाळी एक्सबॉक्सला दमवणारं ते गणित तो एकटाच उरकतो.